म्हातारं कुत्रं, निवडून दिलेलं घर

“दहा वर्षांची कुत्री कोण घेणार? जो मागेल त्याला देऊन मोकळी हो, नाहीतर शेल्टरमध्येच शेवटचे दिवस काढू दे.” चंपासाठी घर शोधत होते तेव्हा हे मला अनेकांनी सांगितलं, आणि सगळे कुत्र्यांवर जीव असलेले लोक होते. म्हणूनच याचं उत्तर द्यायला हवं.

चंपा लॅब्रॅडॉर. पुण्याजवळच्या एका शेल्टरच्या फाटकाला तिला कुणीतरी रात्री बांधून गेलं होतं. तोंड पांढरं, आचळं लोंबलेली, उठताना मागचे पाय थरथरत. डॉक्टर म्हणाले, नऊ-दहा वर्षांची असेल. दात इतके झिजले की त्यांच्यावरून वय नेमकं सांगता येत नाही.

पहिला आक्षेप असा की या वयात कुत्रं नव्या माणसाला लळा लावत नाही. दाखला म्हणून जपानचा हाचिको हा कुत्रा हटकून पुढे येतो. पण त्याची अर्धीच गोष्ट सांगितली जाते. त्याचे मालक प्राध्यापक उएनो 1925 मध्ये गेले आणि हाचिको 1935 मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला, हे खरं. मात्र मधली वर्षं तो जगला, त्यातला बराच काळ उएनोंच्या माळ्याच्या, कोबायाशींच्या घरी. गेलेल्याची वाट पाहणं आणि दुसऱ्याच्या हातचं खाणं एकाच जिवाला जमतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2001 मध्ये शेल्टरमधल्या प्रौढ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका अनोळखी माणसाने तीनदा, दर वेळी जेमतेम दहा मिनिटं सोबत केली, तेवढ्यावर ती कुत्री त्याच्याकडे ओढ घेऊ लागली. तीस मिनिटं पुरतात, तर उरलेली तीन वर्षं का पुरू नयेत?

शेल्टरचं म्हणाल तर त्यांच्याविषयी मला कृतज्ञताच आहे. पण दुखऱ्या सांध्यांना सिमेंटची फरशी, रात्रभराचं भुंकणं आणि जेवणाच्या वेळी तरुण कुत्र्यांची झोंबाझोंबी, याला सुखाचं म्हातारपण कसं म्हणायचं?

खरा घातक सल्ला “जो मागेल त्याला दे” हाच. तो मी एकदा ऐकला. एका तरुण जोडप्याने चंपाला पाहिलं, मिठी मारली, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्या पाण्यावर भाळले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, फरशी गुळगुळीत, दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परतणार. एकोणिसाव्या दिवशी चंपा परत आली. कारण, घरात लघवी करते. म्हाताऱ्या कुत्रीला दहा तास कोंडल्यावर दुसरं काय होणार? नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्रीला झोपेत लघवी गळण्याचा त्रास असू शकतो आणि बहुतेकदा तो औषधाने आटोक्यात येतो. पण हे त्यांना आधी सांगायला हवं होतं, आणि दुपारी घरात कोण असतं हे विचारायला हवं होतं. ती चूक माझी. त्यांच्या दयेत खोट नव्हती. दयेने कुत्रं घरात येतं. पण ते टिकतं त्या घराच्या दिनक्रमावर.

इतक्या चौकशा केल्या तर लोक पळतील, असं म्हणतात. पळू द्यावेत. आज पळालेला माणूस एकोणिसाव्या दिवशीच्या परतीपेक्षा बरा. मी आता रक्ततपासणी, मूत्रपिंडांचा अहवाल, पूर्वी होऊन गेलेला गोचीड ताप, दातांची अवस्था, महिन्याच्या औषधांचा खर्च, सगळं पुढ्यात ठेवते. दोन-तीन आठवडे ठेवून पाहा म्हणते. आणि लिहून घेते, की जमलं नाही तर कुत्रं माझ्याकडेच परत येईल, दुसरीकडे नाही. प्राण्याला उपाशीतापाशी टाकून देणं 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेव्हा माझ्या कागदाचा आणि दर रविवारच्या फोनचाच जास्त भरवसा.

एक आक्षेप मात्र मलाही विचारात पाडून गेला: निवृत्त माणसाला कुत्रं दिलं आणि तो माणूसच आधी गेला तर? पण उलटं पाहा. सत्तरीच्या आजोबांना नातवंडं हौसेने दोन महिन्यांचं पिल्लू आणून देतात. ते बारा-तेरा वर्षं जगणार, पहिली दोन वर्षं घर डोक्यावर घेणार. ती जोडी मला जास्त विजोड वाटते. दहा वर्षांच्या कुत्रीला हळू चालणारं, दिवसभर घरी असणारं माणूस हवं असतं. काळजी उरतेच, म्हणून करारात दुसऱ्या पालकाचं नाव आणि सही.

चंपा आता तळेगावात तळमजल्यावर राहते, एका निवृत्त शिक्षिकेकडे. दुसरी सही भाचीची आहे. बाईंनी खोलीपासून अंगणापर्यंत तरट अंथरलंय, पाय घसरू नये म्हणून. पहिल्या भेटीत त्यांनी कुत्रीला हात लावण्याआधी मला विचारलं होतं, “रात्री किती वेळा उठते?”

“दोनदा,” मी म्हटलं.

“मग ठीक. मीही दोनदाच उठते.”