फॉरमॅट करण्याआधी

अपग्रेडनंतर लिनक्स यंत्र उठले नाही की आपल्यातल्या अनेकांचा हात इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हकडे जातो. आमचा आक्षेप त्या घाईला आहे. फर्मवेअर, शिम, ग्रब, कर्नल, इनिट्रॅमएफएस आणि मग सिस्टिमडी, असे एकाने दुसऱ्याच्या हाती काम सोपवत यंत्र सुरू होते. ते कोणाच्या हातात असताना थांबले, हे कळेपर्यंत कशालाही हात लावू नये. ग्रबचा मेनू दिसलाच नाही तर कर्नलचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. मेनूतून जुना कर्नल निवडल्यावर यंत्र सुरळीत उठले, तर डिस्क आणि ग्रब संशयातून बहुतेक सुटले. उरला नवा कर्नल, त्याचे इनिट्रॅमएफएस किंवा त्याच्यासाठी न बनलेला एखादा ड्रायव्हर. पण आपल्याकडे ‘नोमोडसेट’ सरसकट चालते. तो ग्राफिक्सच्या तक्रारीवरचा उपाय आहे. पोटदुखीवर ओवा ठीक, मोडलेल्या हाडावर काय उपयोग?

‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ ही ओळ पाहून डिस्क गेली असे म्हणणारे कमी नाहीत. वास्तविक ही ओळ छापतो तो कर्नलच, म्हणजे तो डिस्कवरून वाचला जाऊन चालू झालेला असतो. ती दोन शून्ये एवढेच सांगतात की रूटचे उपकरण त्याला ओळखता आलेले नाही. बरेचदा इनिट्रॅमएफएस तयारच झालेले नसते किंवा अर्धवट लिहिलेले असते, कारण जुन्या कर्नलांनी बूट विभाजन गच्च भरलेले असते. जुन्या कर्नलने आत शिरावे, नको असलेले कर्नल पॅकेज मॅनेजरमधूनच काढावेत आणि डेबियन घराण्यात अपडेट-इनिट्रॅमएफएस, रेड हॅट घराण्यात ड्रेकट पुन्हा चालवावे. डेटाला धक्काही लागत नाही.

यावर म्हटले जाईल की ग्राहक डोक्यावर बसलेला असताना शोध घेत बसायला सवड कोणाला? बॅकअप आहे, नवे इन्स्टॉलेशन अर्ध्या तासाचे. स्क्रिप्टमधून उभ्या राहणाऱ्या सर्व्हरांपुरते हे आम्हाला मान्य आहे. पण कारण न कळता पुसलेले यंत्र त्याच कारणाने पुन्हा पडते. २९ जुलै २०२० रोजी ग्रबमधली ‘बूटहोल’ ही त्रुटी जाहीर झाली. तिच्या दुरुस्तीनंतर रेड हॅट आणि सेंटओएसची अनेक यंत्रे ग्रबचा मेनू येण्याआधीच अडकली, कारण दोष सोबत आलेल्या नव्या शिममध्ये होता. त्या दिवसांत नव्याने इन्स्टॉल करून लगेच अपडेट चालवणाऱ्याच्या पदरी तेच पॅकेज पडणार होते. उपयोगी पडला तो रेस्क्यू मोडमधून क्रूट करून शिम आणि ग्रब मागच्या आवृत्तीवर नेण्याचा मार्ग. सुधारित शिम काही दिवसांत आले. हा मार्ग ज्याला सापडला, त्याने आधी यंत्र कुठे थांबले ते पाहिले होते.

पुढचे अपग्रेड चालवण्याआधी बूट विभाजनात किती जागा उरली आहे, तेवढे एकदा बघून घ्या.