सांधेदुखीवर किरणांची मात्रा

किरणोपचार म्हटले की कर्करोग, ही सांगड आपल्या मनात पक्की बसली आहे. तेच किरण अत्यल्प प्रमाणात देऊन झिजलेल्या सांध्याची वेदना शमवता येते, असे सांगितल्यास पुष्कळांच्या भुवया उंचावतील. जर्मनीत मात्र हा उपचार कित्येक दशके रूढ आहे. कर्करोगाच्या गाठीला बहुधा साठ-सत्तर ग्रे मात्रा लागते. सांध्याला एका वेळी अर्धा ते एक ग्रे, आणि एकूण तीन ते सहा ग्रे दिली जाते. तिचा हेतू दाह कमी करण्याचा. झिजलेली कूर्चा तिने भरून येत नाही.

प्रश्न आहे तो पुराव्याचा. नेदरलँड्समध्ये हाताच्या संधिवातावर ५६ आणि गुडघ्याच्या संधिवातावर ५५ रुग्णांच्या अशा दोन चाचण्या झाल्या. काहींना खरे किरण दिले, काहींना लुटुपुटीचे. २०१८ व २०१९ साली छापलेल्या निष्कर्षांत दोहोंमध्ये लक्षणीय अंतर आढळले नाही. उलट दक्षिण कोरियातील गुडघेदुखीच्या ११४ रुग्णांच्या चाचणीत, २०२५ साली जाहीर झाल्याप्रमाणे, तीन ग्रे घेतलेल्यांपैकी ७० टक्क्यांना चार महिन्यांनी आराम वाटला. पण लुटुपुटीच्या उपचारानेही ४२ टक्क्यांना तो वाटलाच! ‘मला गुण आला’ या साक्षीवर विसंबता येत नाही, ते याचमुळे.

इतिहासाचा इशाराही विसरून चालणार नाही. मणके जखडणाऱ्या संधिवातासाठी ब्रिटनमध्ये क्ष-किरण घेतलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे कोर्ट ब्राऊन व डॉल यांनी १९५७ साली दाखवून दिले. त्या मात्रा आजच्याहून पुष्कळ मोठ्या होत्या, हे खरे. तथापि ज्याच्यापुढे आयुष्याची चाळीस वर्षे आहेत, त्याने हा धोका का पत्करावा?

म्हणून भीतीने दार लावून घेणे आम्हांस मान्य नाही, आणि जाहिरातीच्या जोरावर ते सताड उघडणे तर मुळीच नाही. व्यायाम, वजनावर ताबा हे उपाय थकले, वेदनाशामक गोळ्या पोटाला व मूत्रपिंडांना सोसेनात, शस्त्रक्रिया झेपत नाही, अशा वृद्धांचा विचार आधी व्हावा. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांच्यासाठी लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचण्या हाती घ्याव्यात. मात्र त्यापायी कर्करोगाच्या एकाही रुग्णाची पाळी मागे पडता कामा नये. वेदनेने गांजलेला माणूस कोणत्याही आशेची किंमत मोजायला तयार होतो. त्याच्या हाती आशेबरोबर खरा हिशेबही देणे, हे वैद्यकाचे कर्तव्य आहे.