अडकलेले शटर आणि थोडी जयणा

‘शटर’ म्हटले की आपल्या व्यापारी कुटुंबांना प्रथम दुकानाचे लोखंडी शटर आठवते. ते अडकले तर पट्ट्यांना ग्रीस लावायचे, जोर द्यायचा, की काम झाले. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून निघणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यालाही शटर असते आणि तेही बहुधा अडकलेलेच असते. मात्र दुकानाच्या शटरला तारणारे हे दोन्ही उपाय कॅमेऱ्याच्या शटरला मारक ठरतात.

विसरवाडी सुरत-धुळे महामार्गावरचे गाव. त्यामुळे सुरत-बडोद्याचा माल आपल्याला नेहमीच जवळचा. ‘आग्फा क्लिक थ्री’ हा एके काळी घरोघरी दिसणारा कॅमेराही बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीत तयार होत असे. 120 क्रमांकाच्या रोलवर त्यात 12 चौकोनी छायाचित्रे निघत. असा कॅमेरा हाती आला, तर कळ दाबण्यापूर्वी आत रोल आहे का, हे पाहावे. पाठीमागच्या लहानशा लाल काचेत आकडा किंवा कागद दिसला, तर रोल आत आहे. मग पाठीचे झाकण मुळीच उघडू नये. आजीच्या वर्षीतपाच्या पारण्याचे एकमेव छायाचित्र कदाचित त्यातच असेल! कृष्णधवल रोल अनेक दशकांनंतरही धुता येतो. क्षणभराचा उजेड मात्र तो नष्ट करतो. लाल काच असलेल्या कॅमेऱ्यात चावी सावकाश फिरवून सगळा कागद दुसऱ्या रिळावर गुंडाळून घ्यावा आणि मंद उजेडात रोल काढावा. शटर अडकले असले तरी एवढे साधते. चावी फिरेनाशी झाली, तर कॅमेरा तसाच जाणकाराकडे द्यावा.

रोल नसल्याची खात्री झाल्यावर शटरकडे वळावे. पुष्कळदा ते बिघडलेले नसतेच. अनेक कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवल्याशिवाय कळ दबत नाही. काहींत कळेला कुलूप असते. वेगाची चकती ‘बी’वर असेल, तर कळ दाबून धरली आहे तोवर शटर उघडेच राहते. बटण-सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात सेल संपलेला असू शकतो. जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर मात्र चालवून पाहू नये. तो मध्येच थांबला, तर सगळे शटरच अडून बसते.

एवढे पाहूनही शटर हलले नाही, तर दोष बहुधा वाळलेल्या वंगणाचा असतो. भिंगांच्या मधल्या शटरची पाती अतिशय पातळ आणि एकमेकांना चिकटून सरकणारी असतात; ती कोरडीच राहावी लागतात. वर्षानुवर्षांत आसपासचे ग्रीस पाघळून पात्यांवर येते आणि ती एकमेकांना धरून ठेवते. वरून तेल सोडल्यास हाच दोष वाढतो. जलद वेग चालतात, पण एक सेकंद किंवा अर्धा सेकंद मध्येच थांबतो, असे दिसले तर संथ वेगाच्या चाकांतले वंगण घट्ट झाले आहे असे समजावे. मधल्या वेगावर वीस-पंचवीस वेळा कळ दाबल्याने कधीकधी हालचाल सुटते. नाही सुटली, तर बोट, सुई, उन्हाची उष्णता किंवा गंज काढण्याचा फवारा यांपैकी काहीही न वापरता घड्याळाइतके नाजूक काम करणाऱ्या कारागिराकडे कॅमेरा सोपवावा.

नवापूर तालुक्यात पाऊस भरपूर. दमटपणात भिंगावर बुरशी धरते आणि कातडी पिशवी तो दमटपणा धरून ठेवते. आपल्या घरात कातडे तसेही वर्ज्य. तेव्हा ती पिशवी काढून टाकावी आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. चातुर्मासापूर्वी आपण धान्य सुकवून ठेवतो, ते जीवोत्पत्ती होऊच नये म्हणून. बुरशी पुसण्यापेक्षा ती होऊ न देणे, हीच खरी जयणा.

शटर सुटल्यावर नवा रोल घालण्याचा मोह होईल. त्याआधी एक गोष्ट ठाऊक असावी. फिल्मवरील चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात धरलेले असतात आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. औषधाची कॅप्सूल घेताना आपण जो प्रश्न विचारतो, तोच येथेही विचारावा लागतो. उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने द्यावे. शटर चालते की नाही, हे पाहण्यास फिल्म लागत नाही. आतला जुना रोल जपण्याने नवी हिंसा घडत नाही. उलट, आपल्या वडीलधाऱ्यांच्या तपाची आठवण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

जय जिनेंद्र.