हातावरचे २१ बिंदू
राजाजीनगरच्या आमच्या इमारतीत इंजिनीअरिंगची दोन पोरं लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला हाताच्या खुणा ओळखायला शिकवताहेत. गूगलने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं मीडियापाइपचं हात ओळखणारं तंत्र त्यांनी घेतलंय. ते आधी तळहात शोधतं, कारण बोटं हवी तशी वाकतात, तळहाताचा आकार फारसा बदलत नाही; मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत २१ बिंदू ठेवतं. साधा कॅमेरा पुरतो, हे मला फार मोलाचं वाटतं. भरतनाट्यमच्या पताक हस्तातली अनामिका वाकवली की त्रिपताक होतो; एवढा बारीक फरकही त्या बिंदूंवरून कळू शकतो. अडतं ते एक हात दुसऱ्यावर आला की. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरं बहुतेक दोन्ही हातांनी दाखवतात. झाकलेली बोटं कॅमेऱ्याला दिसत नाहीत आणि बिंदू भलतीकडेच उडतात. शिवाय या भाषेत चेहराही बोलतो, प्रश्न भुवयांवर उमटतो. नुसत्या हातांवरून अर्थ पुरा लागणार नाही. तेव्हा कर्णबधिरांसाठी असं काही बनवत असाल, तर पहिल्या दिवसापासून त्यांना सोबत बसवा.