एक भारी यंत्र की पाच साधी?

नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. आता सिद्धेश्वरच्या आपल्या शाळेतील काही मुलांना बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम स्वतः लिहावासा वाटतो आहे. त्यासाठी देणगीतून ग्राफिक्स कार्ड असलेला एक महागडा संगणक घ्यावा, अशी सूचना आली आहे. या देणगीत ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांचाही पैसा आहे. आम्हांस ती सूचना मान्य नाही.

प्रोग्राममधील बदल उपयोगी ठरला की नाही, हे जुन्या व नव्या आवृत्तीस परस्परांविरुद्ध खेळवूनच कळते. शंभर डावांत 52–48 असा निकाल निव्वळ योगायोगानेही लागतो; बारीक फरक पारखण्यास हजारो डाव हवेत. प्रत्येक बाजूस 10 सेकंद दिल्यास डाव फार तर 20 सेकंदांत आटोपतो. एका कोरवर एकच डाव ठेवला, तरी चार कोरचा, कार्यालयातून निघालेला जुना संगणक तासाला 720 डाव खेळवील. असे पाच मिळून 3600. ग्राफिक्स कार्ड लीला झीरोसारख्या प्रोग्रामला लागते. स्टॉकफिश मात्र साध्या प्रोसेसरवर चालतो, आणि त्याच्या चाचण्याही जगभरच्या स्वयंसेवकांनी देऊ केलेल्या संगणकांवर होतात.

पाचही संगणक एकाच मॉडेलचे घ्यावेत, म्हणजे एकाचा सुटा भाग दुसऱ्यास चालेल. मेमरी 8 जीबी पुरे. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तेव्हा उन्हाळ्यात चाचण्या रात्री लावाव्यात. एखादा बंद पडलाच, तर मुलांना त्याचे झाकण उघडू द्यावे. महागड्या यंत्राला त्यांना हात तरी कोण लावू देणार?