सोफा घेण्याआधी वाट मोजा

सदर : चार भिंती

सण जवळ आले की साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर आणि सांगलीत कल्पद्रुम मैदानावर विक्री-प्रदर्शनांचे मांडव पडतात. मांडवात शिरलं की नजरेत आधी भरतो तो एल आकाराचा सोफा. करडा, गुबगुबीत, वर दिव्यांचा झोत. मांडवाचं छत उंच आणि जवळपास भिंत नाही, त्यामुळे नऊ फुटी सोफाही तिथे बेताचा वाटतो. मग हप्ते ठरतात, टेम्पो ठरतो, आणि यादोगोपाळ पेठेतल्या एखाद्या जिन्याच्या वळणावर तो सोफा उभा-आडवा करत चार माणसं घाम गाळतात. वर पोचलाच, तर दहा बाय तेराच्या हॉलमध्ये तो असा ऐसपैस बसतो की घरच्यांना स्वयंपाकघरात जाताना अंग चोरावं लागतं. पुढची पंधरा वर्षं घर त्या सोफ्याच्या सोयीने वागतं.

लहान आणि वेड्यावाकड्या हॉलला ‘सेट’ मानवत नाही, हे माझं ठाम मत आहे. अशा खोलीत आधी चालायची वाट ठरवावी, मग रोज बसणारी माणसं मोजावीत, आणि उरलेल्या जागेत दोघांना उचलता येईल एवढंच सामान ठेवावं. क्रम उलटा केला की खोली कितीही मोठी असली तरी अपुरी पडते.

आपल्याकडचे हॉल असे वाकडे का, हे आधी पाहू. साताऱ्याचं जुनं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, शाहू महाराजांच्या काळात वसलं. उतारावरच्या गल्ल्या वळत-वळत खाली येतात. घराची पुढची भिंत गल्लीला धरून उभी राहते, मागची शेजाऱ्याच्या हद्दीला धरून, आणि या दोन्ही एकमेकींना समांतर असतीलच असं नाही. त्यात वाटण्या. वाड्याचा सोपा दोघा भावांत विभागला की प्रत्येकाच्या वाट्याला आठेक फूट रुंद आणि अठरा-वीस फूट लांब पट्टा येतो. खिडकी एका टोकाला, दुसऱ्या टोकाला भर दुपारीही दिवा.

सांगलीचा हिशेब निराळा. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, अर्थात १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे गुंठे पडले, पुढे गुंठ्याचेही दोन झाले. अर्ध्या गुंठ्यावर घर बांधलं तर रुंदी मिळते साडेसोळा फूट. त्यातून भिंतींची जाडी आणि आतला जिना वजा केला की हॉलला दहा-अकरा फूट उरतात, आणि त्या जिन्याचं तिरकं पोट हॉलच्या एका कोपऱ्यात उतरतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्यांना नियमित होण्याची सोय करून दिली; प्लॉटचे आकार मात्र होते तसेच राहिले. रस्ता जरा तिरका गेला की कुणाचा प्लॉट गोमुखी होतो, कुणाचा वाघमुखी, आणि हॉल पुढे असल्यामुळे तो वाकडेपणा त्याच्याच वाट्याला येतो.

मग माणूस वैतागून विश्रामबागेत नाहीतर शाहूपुरीत फ्लॅट घेतो. तिथे भिंती काटकोनात असतात, पण भिंत शिल्लक नसते. मुख्य दार, गॅलरीचं दार, स्वयंपाकघराची कमान, बेडरूमकडे जाणारा पॅसेज, बेसिन. राष्ट्रीय इमारत संहिता राहण्याच्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्रफळ आणि २.४ मीटर रुंदी मागते, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट आणि आठ फुटांना जरा कमी. क्षेत्रफळ नकाशावर भरतं. त्याच खोलीत पाच दारं उघडली तर बसायचं कुठे, याचं उत्तर मात्र नकाशात सापडत नाही.

तेव्हा पहिलं काम टेप हातात घेण्याचं. खोलीची लांबी दोन्ही भिंतींना मोजा, रुंदी दोन्ही टोकांना मोजा. समोरासमोरचे आकडे क्वचितच जुळतात. कोपरा गुण्यात आहे का, ते पाहायला गवंड्याची युक्ती पुरते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं तर कोपरा सरळ. दारं किती उघडतात, खिडकीची कठडी किती उंच, स्विचबोर्ड कुठे, हे कागदावर मांडा. गल्लीचं तोंड, जिन्याचं वळण आणि दाराची चौकटही मोजा, कारण सामान त्याच वाटेने यायचं आहे.

नंतर खडू घ्या आणि मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अडीच फूट रुंदीची वाट जमिनीवर आखा. दिवसभर घरातली माणसं तिथूनच जाणार, हातात भांडं, कडेवर पोर, पाठीला दप्तर. तशीच दुसरी वाट पॅसेजकडे. या दोन पट्ट्यांत टीपॉयचा कोपरासुद्धा येता कामा नये. आता उरलेल्या जागेत, जो सोफा मनात भरला आहे त्याच्या मापाची वर्तमानपत्रं जोडून पसरा आणि दोन दिवस त्यांवर पाय न देता वावरून बघा. शोरूममधल्या विक्रेत्याने सांगितली नसेल अशी गोष्ट ती वर्तमानपत्रं सांगतील, तीही फुकट.

पट्ट्यासारख्या हॉलमध्ये दोन सोफे समोरासमोर कधीही ठेवू नयेत. सोफ्याची खोली तीन फूट धरली तर आठ फुटांतून सहा गेले, दोन उरले, त्यात टीपॉय आणि पाहुण्यांचे गुडघे. त्यापेक्षा सगळं सामान एकाच लांब भिंतीला लावा आणि समोरची भिंत मोकळी सोडा. सोफ्याच्या जागी अडीच फूट रुंदीचा दिवाण चालतो. दिवसा चौघं बसतात, रात्री एक जण झोपतो, पोटात पांघरुणं राहतात. दारापाशी अरुंद बाक ठेवून खाली चपला, वर हेल्मेट-छत्रीसाठी खुंट्या. खिडकीचं टोक अडवू नका, कारण त्या खोलीला उजेड तेवढाच.

तिरक्या भिंतीचा प्रश्न सुताराने सोडवावा. तिला धरून सोफा ठेवला तर सगळी बैठकच तिरपी दिसते. सरळ ठेवला तर मागे त्रिकोणी फट राहते आणि तीत मुलांचे चेंडू जाऊन बसतात. त्याऐवजी त्या पूर्ण भिंतीला कपाट करून घ्या. एका टोकाला नऊ इंच खोल, दुसऱ्या टोकाला अठरा, आणि दारं मात्र एका सरळ रेषेत. वाकडेपणा कपाटाच्या पोटात जातो. नऊ इंचांत पुस्तकं आणि औषधं, अठरा इंचांत सतरंज्या, उश्या, शिलाई मशीन. आपला सुतार माप घेतो ते फूट, इंच आणि सूत धरून. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारखान्यातून खोक्यात येणाऱ्या युनिटला तुमच्या भिंतीचं सूत माहीत नसतं. म्हणून वाकड्या खोलीत बसवायचं सामान सुताराकडूनच घ्यावं, भले आठ दिवस जास्त लागोत.

दारंच दारं असलेल्या हॉलमध्ये कोपऱ्यांचा आधार घ्यावा. तीन जणांचा अखंड सोफा तिथे बसतच नाही. हाताच्या तीन सुट्या खुर्च्या आणि खिडकीखाली एक बाक बसतो. टीव्ही भिंतीवर टांगला की खालचं युनिट लागत नाही, आणि ४३ इंची टीव्हीला पाच-सहा फुटांचं अंतर पुष्कळ झालं. जिन्याखालच्या कोपऱ्यात काचेचा शोकेस करून ट्रॉफ्या मांडण्यापेक्षा तिथे ओढता येणारे खण करावेत. भाजीच्या पिशव्या, इस्त्रीचे कपडे, गॅसचं पुस्तक, हे सारं सोफ्यावरून उठून आत जाईल.

हे काही नवीन नाही. वाई-साताऱ्याच्या वाड्यांत सामान ठेवायची जागा भिंतीतच असे: कोनाडे, फडताळं, खुंट्या. जमीन मोकळी. सकाळी जाजम अंथरून लोड-तक्के टाकले की बैठक, दुपारी पाट मांडले की पंगत, रात्री गाद्या पसरल्या की झोपायची खोली. एकाच सोप्यात तीन खोल्या, कारण काहीच खिळवलेलं नव्हतं. मात्र त्या काळाकडे परत चला असं मी म्हणणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत, आणि त्यांच्यासाठी सतरा-अठरा इंच उंचीची, हाताची, टणक खुर्ची हवीच. गंमत अशी की आज ऐटीत विकला जाणारा बुटका, मऊ सोफा याच माणसांच्या सगळ्यात गैरसोयीचा. त्यात बसलेल्या आजोबांना उठायला नातवाचा हात लागतो.

सांगलीत या सगळ्यावर आणखी एक अट आहे, ती कृष्णेची. सातारा आणि सांगली एकेकाळी एकाच जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. नदीही एकच. पण ती सातारा शहराच्या घरांना वर ठेवून खालून जाते आणि सांगलीत घरात येते. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत पाणी आधी शिरतं. २०१९ चा पूर ओसरल्यावर रस्त्याकडेला जे ढीग लागले, त्यांत फुगलेली टीव्ही युनिट्स, चिखलाने जड झालेले सोफे आणि गाद्या होत्या. भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड पाण्यात फुगतो आणि परत बसत नाही. आयएस ७१० शिक्क्याचं प्लायवूड पाण्याला पुष्कळ टिकतं, पण चिखलाच्या पाण्यात दिवसेंदिवस उभं राहिल्यावर आतले सांधे आणि बिजागऱ्या कुठल्याच शिक्क्याने वाचत नाहीत.

म्हणून पूरपट्ट्यातल्या तळमजल्याच्या हॉलला माझा नियम कडक आहे. जे हलवायचं ते हलकं असावं, आणि जे हलणार नाही ते दगड-विटेचं असावं. बसायला भिंतीलगत बांधीव कट्टा, त्यावर सुट्या गाद्या. कप्पे कडप्प्याचे. कॉट नटबोल्टची, पान्याने सुटणारी. खुर्च्या लोखंडी किंवा घडीच्या. इशारा आला की गाद्या, खुर्च्या, टीव्ही वर जातात. पाणी ओसरलं की कट्टा आणि कडप्पा धुऊन घर पुन्हा चालू. औंध संस्थानातल्या माळावर १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत स्वातंत्र्याआधी नांगर आणि पंपांच्या जोडीने लोखंडी फर्निचरही बनत असे. आजच्या सांगली जिल्ह्यातलंच ते गाव. वाळवी न लागणारं, धुता येणारं, उचलता येणारं तसलं सामान पूरपट्ट्यातल्या घराला कापडी सोफ्याहून कितीतरी शोभेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पाहुणे काय म्हणतील? मुलीला बघायला माणसं येणार, हॉलमध्ये सोफा सेट नको का? या प्रश्नाने आपल्या भागातल्या घरांचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं वाकड्या भिंतींनी केलेलं नाही. ज्या खोलीत वर्षाचे साडेतीनशे दिवस आपण राहतो, ती उरलेल्या पंधरा दिवसांसाठी सजवायची हा उलटा न्याय आहे. बरं, त्या पंधरा दिवसांतही अवजड सोफ्याचा उपयोग काय? गौरी-गणपतीला आरास करायला तो सरकवायचा कुठे, म्हणून भांडणं. हळदीकुंकवाला पंचवीस बायका आल्या तर सोफ्यावर पाच, बाकीच्या दारात उभ्या. तीच जागा मोकळी असेल तर दोन सतरंज्यांवर पंचवीस जणी सुखाने बसतात. सत्यनारायणाच्या चौरंगाला जागा होते, आणि घरातल्या बाईला तीर्थप्रसाद घेऊन फिरता येतं. पाहुणचारालाही मोकळी जमीनच उपयोगी पडते.

तेव्हा येत्या प्रदर्शनाला जरूर जा. खिशात टेप आणि हॉलचा कागद असू द्या. आवडलेल्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजा. तिचं एक टोक तुम्ही आणि दुसरं टोक घरातल्या कुणीतरी धरून ती जागेवरच उचलून बघा. ती उचलली गेली नाही, किंवा कागदावरची अडीच फुटांची वाट तिने खाल्ली, तर विक्रेत्याला नमस्कार करून परत या. त्या पैशांत साताऱ्याचा किंवा सांगलीचा सुतार तुमच्या भिंतीला बसेल असं कपाट करून देईल, आणि चार चांगल्या खुर्च्या त्यातच निघतील.