शब्दांचें कूळ : मुकीं अक्षरें

इंग्रजी शिकूं लागलेलें मूल वर्ष-दोन वर्षांतच घरच्या वडील मंडळींस एक प्रश्न विचारतें. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द डी-ई-बी-टी असा लिहावयाचा, पण त्यांतील 'बी' तोंडानें म्हणावयाचा नाहीं; मग तो लिहावयाचा कशाला? नागरी लिपींत वाढलेल्या मुलास हा अन्याय वाटावा, हें साहजिक आहे. घरोघर त्यास उत्तर मिळतें तें एकच : "इंग्रजी असेंच आहे, पाठ कर." वास्तविक या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तें पाठांतराहून सोपें आहे.

हा शब्द लॅटिन 'डेबिटुम्' म्हणजे 'देणें असलेलें' याचा वंशज. फ्रेंचांच्या मुखांतून इंग्रजींत येईपर्यंत त्यांतील 'ब' झिजून गेला होता, व जुने इंग्रज लेखक तो लिहीतहि नसत. पुढें पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनच्या अभिमानी पंडितांनीं पूर्वजाची आठवण म्हणून तो लेखनांत पुन्हा बसविला. उच्चारांत तो आला नाहीं. श्राद्धाच्या दिवशीं पितरांचें नांव घेऊन पान मांडतात, पानावर कोणी दिसत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार. शंका या अर्थाच्या 'डाउट'मधील 'बी' आणि पावती या अर्थाच्या 'रिसीट'मधील 'पी' हींहि अशींच. बँकेच्या पासबुकांतला 'डेबिट' मुलाच्या पाहण्यांत असतो. त्याच्या शेजारीं 'डेट' मांडून दाखवावा, म्हणजे 'बी' पुन्हा सुटत नाहीं.

पंडितांचें सर्वच खरें धरावें असें मात्र नाहीं. बेट या अर्थाच्या 'आयलंड'मधील 'एस्' निव्वळ खोटा आहे. तो शब्द मूळचा घरचा इंग्रजी. त्यांत 'एस्' कधींच नव्हता. लॅटिन 'इन्सुला'पासून आलेला 'आइल' हा दुसराच शब्द पाहून कोणी तरी त्याचें गोत्र याला चिकटविलें.

उच्चारलेल्या अक्षरांतहि अर्थ दडून बसतो. पगारास इंग्रजींत 'सॅलरी' म्हणतात. त्यांतील पहिलीं तीन अक्षरें म्हणजे लॅटिन 'साल्', मीठ. रोमन शिपायांस पगार म्हणून मीठच मिळे, ही कथा पुष्कळ सांगतात. तिला भक्कम आधार नाहीं. परंतु शब्द मिठाचाच, यांत संशय नाहीं. ज्या शिरोड्याच्या मिठागरांत १९३० सालीं सत्याग्रह झाला, तेथील माणसास हें नवल वाटूं नये. खाल्ल्या मिठाला जागावें, असें आपणहि म्हणतोंच.

इंग्रजीस नांवें ठेवण्यापूर्वीं आपलें घरहि पाहिलें पाहिजे. दांत, पांच, कांटा या शब्दांवरील टिंब हें आपलें मुकें अक्षर. दन्त, पञ्च, कण्टक यांतील अनुनासिकाची ती खूण होती. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालीं शासनानें मान्य केले, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनांतून गेले. (या सदरापुरतें जुनें वळण संपादकांनीं चालूं दिलें आहे.) त्यामुळें मुलांचा छळ वांचला, हें मलाहि मान्य आहे, या टिंबांपायीं पुष्कळ कान पिरगळले गेले. पण 'अनुच्चारित' हें विशेषण पुण्याकडील मुखास लागू. शिरोड्याकडच्या मालवणी बोलींत दांत आणि पांच म्हणतांना नाकांतला सूर अजून ऐकूं येतो.

आतां गंमत पाहा. दांताच्या वैद्यास इंग्रजींत 'डेंटिस्ट' म्हणतात. त्यांतील 'एन्' लॅटिनचा, आणि तो लॅटिन शब्द आपल्या दन्ताचा सख्खा भाऊ. 'टूथ' हा घरचा इंग्रजी शब्दहि त्याच कुळांतला, पण त्याचा 'न' गळून गेला; जर्मन 'त्सान' या शब्दांत तो टिकला आहे. पांचाचेंहि तेंच. पञ्च, ग्रीक 'पेन्ते', जर्मन 'फ्युन्फ्' या सर्वांत अनुनासिक आहे. इंग्रजी 'फाइव्ह'मध्यें नाहीं. आपण ज्या दोन शब्दांवरचें टिंब परवां पुसलें, त्याच दोन शब्दांतला 'न' इंग्रजीनें हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं, आपणांस न विचारतां, गमावला होता!

यावरून सर्व इंग्रजी संस्कृतापासून निघाली असें कोणी म्हणूं नये. ही हौस आपल्या लोकांस फार. १७८६ सालीं कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा असें सांगितलें, तेव्हांहि त्यांस या भाषा बहिणी वाटल्या, आई-लेकी नव्हेत.

आज नातवंडें इंग्रजी शाळेंत जातात, आणि अभ्यासाची वेळ झाली कीं घरची आजी आपण होऊन बाजूस सरते. "मला मेलीला काय कळतंय त्यांतलं," म्हणते. तिला 'दन्त' ठाऊक आहे, 'पञ्च' ठाऊक आहे, रोजच्या स्तोत्रांत ते शब्द आहेत. 'डेंटिस्ट'चें स्पेलिंग चुकणाऱ्या मुलाला तिच्याकडेच पाठवावें.

पुढील अंकीं, आपल्या मुंगुसाचा इंग्रजींत 'मॉंगूस' कसा झाला आणि त्याच्या शेपटीस हंसाचें इंग्रजी नांव कोठून लागलें, तें पाहूं.